बीप वाजते म्हणजे जीव आहे

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. २०१२ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर अजून वापरतो. बिलावर आय-३ २१००, एच-६१ बोर्ड, २ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क असं लिहिलं आहे. विंडोज ७ आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं बिनसलं आहे. बटण दाबलं की कधी कधी पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून लांब लांब बीप येत राहतात. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की लागतो. लागला तरी तारीख १ जानेवारी २०११ दाखवतो, आणि कोणतीही वेबसाइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. पूर्ण चालू व्हायला सात मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघितलं आहे. एका दुकानात नेला तर झाकण न उघडताच ‘काका, भंगारात द्या’ म्हणाले. मुलगा पुण्याहून लॅपटॉप पाठवतो म्हणतो. पण मी लिहीत असलेला आमच्या गावाचा इतिहास यात आहे, दोनशे पानं. शिवाय या कीबोर्डची बोटांना सवय झाली आहे. काय करावं?
— निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गुरुजी, झाकण न उघडता निदान करणाऱ्याला आमच्या लाइनीत ज्योतिषी म्हणतात. त्यांचं मनावर घेऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे ती बीप. बीप वाजवतो तो बोर्डावरचा बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यांची हजेरी घेणारा प्रोग्रॅम. बायोस चालायचा तर प्रोसेसर शुद्धीवर हवा, आणि प्रोसेसर शुद्धीवर यायचा तर एसएमपीएसकडून, म्हणजे डब्यातल्या वीज पुरवणाऱ्या खोक्याकडून, नीट सप्लाय यायला हवा. म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस तिघंही हजर आहेत आणि चौथ्याच्या नावाने हाका मारताहेत. रविवार कारंजाजवळच्या गल्लीत १९९८ पासून मी हे डबे उघडते आहे. मला धास्ती वाटते ती मुकाट पडलेल्या डब्याची, ओरडणाऱ्याची नाही.

तुम्ही तीन दुखणी लिहिली आहेत. तिन्ही वेगळी, एकमेकांची कोणी लागत नाहीत. पण त्यांना हात लावायच्या आधी ती दोनशे पानं.

कॉम्प्युटर पुढच्या वेळी लागला की दुसरं काही करू नका. ती फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत मुलाला मेल करा. मेल उघडत नसेल तर खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख हाताने आजची करा, बहुतेक उघडेल. का उघडेल ते पुढे येतंच.

हे इतक्या तळमळीने सांगते आहे त्याला कारण आहे. २००९ मध्ये पंचवटीतल्या एका कीर्तनकार बुवांचं मशीन आलं होतं, व्हायरसने भरलेलं. मी विचारलं, ‘बुवा, तुमचा डेटा कुठे आहे?’ बुवा म्हणाले, ‘समोरच आहे की.’ मला वाटलं, डी ड्राइव्ह उघडला की समोर. मी सी फॉरमॅट केला. बुवांचं ‘समोर’ म्हणजे डेस्कटॉप, आणि डेस्कटॉप असतो सी ड्राइव्हच्याच पोटात. चार वर्षं बसून टाइप केलेली आख्यानं गेली. रिकव्हरी लावून निम्मी मिळाली, त्यातही ओळींच्या मधेमधे नुसते चौकोन. बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. ‘पाठ आहेत मला,’ म्हणाले, आणि बिल किती झालं ते विचारलं. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर एक कागद चिकटवलेला आहे : ‘समोर म्हणजे कुठे?’

आता बीप. लांब, थांबून थांबून येणारी बीप बहुतेक बोर्डांवर रॅमची असते. ती पावसाळ्यात सुरू झाली आणि चार वेळा बंद-चालू केल्यावर गप्प बसते, याचा अर्थ रॅम मेलेली नाही, तिचा कॉन्टॅक्ट जातो आहे. डीडीआर-३ रॅमच्या पट्टीला २४० पिना असतात. पट्टी रोज तापते, रोज निवते, त्यात केसभर हलते. फटीत धूळ बसते, वर नाशिकची जुलै-ऑगस्टमधली हवा, जिच्यात पापड वाळत नाहीत आणि काडेपेटी पेटत नाही. इतके पावसाळे काढल्यावर २४० पैकी एखाद-दुसरीने दगा दिला तर तिला तरी काय बोलणार?

उपाय तुमच्या कंपासपेटीत आहे. वायर भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागायचं नाही. वायर काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला चार्ज उतरतो. डबा आडवा ठेवून बाजूचं पॅनल काढा. आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोट लावा, अंगातली स्टॅटिक तिथे जाते. सदरा सुती असू द्या. रॅमच्या टोकांना प्लॅस्टिकचे कान असतात, ते बाहेर दाबले की पट्टी वर येते. ती कडेला धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. टेबलावर कोरा कागद, कागदावर पट्टी, आणि मऊ पांढरा खोडरबर. पुसट पेन्सिलची रेघ खोडावी तितक्याच हलक्या हाताने, एकाच दिशेने, दोन्ही अंगांनी घासा. रबर काळा पडेल आणि दात उजळतील. चुरा रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, स्लॉटमध्येही तोच ब्रश फिरवा. फुंकर मारू नका. फुंकरेतून थुंकीचे तुषार उडतात, म्हणजे पुसून काढलेली ओल आपणच परत घालतो. आणि हे दर महिन्याचं व्रत समजू नका. तो सोन्याचा मुलामा फारच पातळ असतो, सारखा घासला तर खालचा धातू उघडा पडेल.

बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबा. ‘टक’ असा आवाज येऊन कान आपोआप मिटले पाहिजेत. इथे सगळे घाबरतात आणि पट्टी अर्धवट बसवून मोकळे होतात. बोर्ड किंचित दबल्यासारखा वाटेल, वाटू द्या. तरीही ओरडला तर पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा. तिथे चालली तर स्लॉट खराब आहे. दोन्हीकडे ओरडली तर पट्टी गेली, आणि ती तुम्हाला तशीही बदलायचीच आहे.

तारखेचं दुखणं सगळ्यात स्वस्त. बोर्डावर नाण्यासारखा एक चकचकीत सेल दिसेल, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. दोघांच्या मिसळीपेक्षा कमी पैशात येतो. इथे मला तुमची शिस्त दिसते, गुरुजी. रात्री झोपताना तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असणार. ज्यांच्या घरी ते बटण चोवीस तास चालू असतं त्यांचा सेल मेला तरी लवकर पत्ता लागत नाही, कारण डबा बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला पाच व्होल्टचा बारीक सप्लाय देत राहतो आणि आतलं घड्याळ त्यावर चालतं. भिंतीवरचं बटण बंद झालं की सगळा भार सेलवर. तो रिकामा, म्हणून घड्याळ कारखान्यात भरून दिलेल्या तारखेवर जाऊन बसतं. शिस्त सोडू नका, सेल बदला. अक्षरांची बाजू वर ठेवायची.

वेबसाइटचा इशारा त्याच सेलची करामत. प्रत्येक वेबसाइटकडे एक ओळखपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं. तुमचा कॉम्प्युटर २०११ मध्ये बसून ते वाचतो आणि म्हणतो, हे तर अजून सुरूच झालेलं नाही, हा कोण तोतया?

सेल बदलण्यापूर्वी एक करा. मशीन नीट चालू झालेलं असताना बायोसमध्ये जा. तिथे साटा मोडची, म्हणजे बोर्डाने डिस्कशी कसं बोलायचं त्याची, एक ओळ असते, आयडीई किंवा एएचसीआय. तिचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की ही ओळ मूळ सेटिंगला जाऊ शकते, आणि मग विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. पुष्कळ लोक तेव्हा ‘विंडोज उडालं’ म्हणून पैसे देऊन नवीन टाकून घेतात. काही उडालेलं नसतं. एक ओळ परत पहिल्यासारखी करायची असते.

राहिली सात मिनिटं. लोकांना वाटतं प्रोसेसर म्हातारा झाला. प्रोसेसर तुमच्या कामाला आजही भरपूर आहे. तो बिचारा वाट बघत बसतो, हार्ड डिस्कची. तुमची डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी असेल. म्हणजे सेकंदाला १२०, एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, शिवाय हेड तिथवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. बेरीज बारा-तेरा. याचा अर्थ सेकंदाला जेमतेम पंच्याहत्तर-ऐंशी ठिकाणं वाचून होतात. विंडोज उठताना हजारो बारीक तुकडे वाचतं, आणि इतक्या वर्षांत ते डिस्कभर पांगलेले असतात. त्यात २ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान ठेवायलाही त्याच डिस्ककडे धावतं. कचेरीत शिपाई एक आणि हाका मारणारे साहेब दोन, अशी गत.

म्हणून पैसे घालायचेच असतील तर पहिले एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लागणाऱ्या चिपांच्या डिस्कवर. तिच्यात फिरणारं काही नाही, ठिकाण शोधायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. एम. जी. रोडला गेलात तर एखादा म्हणेल, ‘एच-६१ वर एसएसडी पूर्ण स्पीड देत नाही.’ खरं आहे. तुमच्या बोर्डाचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे आणि एसएसडी ६ गिगाबिटची. खोक्यावर सेकंदाला साडेपाचशे एमबी लिहिलेलं असेल तिथे अडीचशे-पावणेतीनशे मिळतील. मिळू देत. तुम्हाला सिनेमे कॉपी करायचे नाहीत. हजार बारीक जागा पटापट सापडायला हव्यात, आणि त्या कामात पोर्ट आडवा येत नाही. अडीच इंची साटा एसएसडी मागा, २५६ जीबीच्या आसपासची. पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई कोणी गळ्यात मारली तर परत करा. २०१२ च्या तुमच्या बोर्डाला तो स्लॉटच नाही.

दुसरा खर्च रॅमचा. ४-४ जीबीच्या दोन डीडीआर-३ पट्ट्या. पट्टीवर १६०० लिहिलेलं असलं तरी चालेल, तुमचा प्रोसेसर तिला १३३३ वर चालवेल. वापरलेली घेतली तरी हरकत नाही, मी स्वतः तीच घालते, पण रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून. फार स्वस्त मिळाली तर ती सर्व्हरमधून काढलेली तर नाही ना, एवढं विचारा. ती रजिस्टर्ड रॅम तुमच्या बोर्डावर चालत नाही.

जुनी डिस्क फेकू नका, फोटो ठेवायला दुसरी म्हणून लावा. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम चालवा आणि ०५ व सी-५ या, डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागा मोजणाऱ्या, दोन ओळी बघा. रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात शून्य असेल तर छान. आकडा असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर तिला मान देऊन निवृत्त करा. आणि आतून ‘टक... टक... टक’ यायला लागलं तर लगेच बंद करून आमच्यासारख्या कोणाकडे या. घरी प्रयोग नको.

प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकला पोचवणारी थर्मल पेस्ट एव्हाना भिंतीच्या पापुद्र्यासारखी वाळली असेल. हीटसिंक काढायच्या भानगडीत मात्र तुम्ही पडू नका. त्या कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात आणि इतकी वर्षं तापून त्या कडक झालेल्या असतात, नवख्या हाताने हमखास तुटतात. दुकानात करून घ्या, पण समोर उभं राहून. जुनी पेस्ट पूर्ण पुसली का आणि नवी मसुराच्या दाण्याएवढीच घातली का, ते बघा. श्रीखंडासारखी थापणारे कारागीर मी पाहिले आहेत. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायला सांगा.

विंडोज ७ चं काय? त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला थांबवली, आणि २०२३ च्या सुरुवातीपासून क्रोमनेही त्याची साथ सोडली. विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमचा दुसऱ्या पिढीचा आहे. युक्त्या करून ११ टाकून देणारे भेटतील. बँकेचं काम करणाऱ्या निवृत्त माणसाच्या मशीनवर मी ते करत नाही. मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकते, तिच्यातला एक्सएफसीई हा हलका प्रकार. २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. नाव ऐकून दचकू नका. आधी ते पेन ड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, चालवून बघता येतं. तेवढ्यात प्रिंटर ओळखतो का, आवाज येतो का, इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप होतं का, सगळं तपासा. तुमचा इतिहास युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या मराठी अक्षरांत, असेल तर तिथे जसाच्या तसा उघडेल. तो जुन्या फॉन्टमध्ये असेल तर खालचं लग्नपत्रिकावाल्या ताईंचं उत्तर वाचा.

एसएसडी आणि रॅम घालूनही उद्या बोर्डच गेला, तर थांबा. जुना बोर्ड शोधत फिरू नका. एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावता येते, तुमचे ते पैसे वाया जात नाहीत. मुलाच्या लॅपटॉपलाही नाही म्हणू नका, प्रवासात कामाला येईल. आणि तुमचा कीबोर्ड यूएसबीचा असेल तर तो लॅपटॉपलाही लागतो, तेव्हा बोटांच्या सवयीचं कारण त्याच्यासमोर फार वेळ टिकायचं नाही.

प्रश्न : आमच्या पॅकहाऊसमध्ये बिलं आणि बॉक्सवरची लेबलं काढायला एक डेस्कटॉप ठेवला आहे. दोन वर्षांत दोनदा बोर्ड बदलला. दर वेळी फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन सीझनला बंद पडतो. घरचा कॉम्प्युटर याहून जुना, तो व्यवस्थित चालू आहे. पॅकहाऊसच्या खोलीत एसी आहे, धूळ अजिबात नाही. लाइटचा प्रॉब्लेम समजून स्टॅबिलायझरही लावला.
— द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत परिसर

उत्तर : दादा, एकच विचारते. द्राक्षाच्या पेटीत घालायच्या ग्रेप गार्डच्या पॅडांची खोकी कुठे ठेवता? त्याच खोलीत ना, उंदीर लागू नयेत म्हणून?

गेल्या मार्चमध्ये दिंडोरीकडून असाच एक बोर्ड आला होता. झाकण काढल्यावर धुळीचा कण नाही, पण मागच्या पोर्टांचे पत्रे हिरवट-काळे पडलेले, आणि रॅमचे दात देवघरातल्या न उजळलेल्या निरंजनासारखे. वास घेतला तर काडी ओढल्या ओढल्या येतो तसा. मी ग्राहकाला म्हटलं, ‘द्राक्ष की कांदा?’ तो चकित झाला. कांदेवाल्यांच्या डब्यातून फोलपटं निघतात, एवढंच माझं ज्योतिष.

पॅडमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. त्याला ओल लागली की सल्फर डायऑक्साइड सुटतो. पेटीतल्या घडांना बुरशीपासून तोच वाचवतो. पण खोक्यातून सुटलेला तोच वायू हवेतल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं, आणि ते तांब्याला, चांदीला खातं. बोर्डावर दुसरं आहे काय? एसी बंद खोलीतली तीच हवा फिरवत राहतो आणि डब्याचा पंखा ती ओढून थेट बोर्डावर मारतो. स्टॅबिलायझरचा यात काही संबंध नाही, असू दे बापडा.

पॅड दुसरीकडे हलवा. ते जमत नसेल तर डबा हलवा. भिंतीला भोक पाडून डबा पलीकडच्या खोलीत आणि पडदा, कीबोर्ड, प्रिंटर अलीकडे. यूएसबीची साधी वायर पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. सीझन संपला की डबा उघडून रॅमचे दात, स्लॉट आणि कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. तिसरा बोर्ड घेण्याआधी एवढं करा.

प्रश्न : मी लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकांचं डीटीपी करते. मशीन विंडोज एक्सपीचं, पेजमेकर ७, मराठीचे जुने फॉन्ट, आणि सॉफ्टवेअरचं डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लावलेलं. पंधरा वर्षांच्या फाइली त्यात आहेत. सगळे म्हणतात नवीन घे. नव्या मशीनला तो पोर्टच नाही.
— डीटीपी ऑपरेटर, नाशिकरोड

उत्तर : ताई, सगळ्यांना म्हणू द्या. गुरुजींच्या मशीनला मी सुधारा म्हटलं, तुमच्या मशीनला म्हणते, जसं आहे तसंच जपा. फक्त इंटरनेटची वायर आज काढा. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून वाली नाही. पेन ड्राइव्ह घालण्यापूर्वी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करा.

मग डिस्कची पूर्ण क्लोन काढून घ्या. नुसत्या फाइलींची कॉपी पुरत नाही, विंडोज, फॉन्ट, पेजमेकर सगळ्यासकट हुबेहूब दुसरी डिस्क तयार व्हायला हवी. ती कपाटात ठेवा. त्याच काळातला, रुंद पोर्टवाला एखादा चालू डबा भंगारवाल्याकडे दिसला तर घेऊन ठेवा. वजनावर मिळतो आणि सुट्या भागांची सोय होते. डोंगल मात्र दागिन्यासारखं सांभाळा, लायसन्स त्याच्यात आहे. यूएसबीला लावायची पॅरलल पोर्टची वायर मिळते, ती प्रिंटरपुरती. डोंगल तिच्यावर बहुधा ओळखत नाही. पैसे घालवू नका.

जुन्या फॉन्टच्या फाइली बाहेर कुठे उघडल्या तर ‘शुभविवाह’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, कारण आत मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, आणि फॉन्ट काढला की सोंग उतरतं. ज्या पत्रिका पुन्हा पुन्हा लागतात त्यांचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून ठेवा, पण जोडाक्षरं, रफार आणि र्‍हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर ‘श्री’ आणि ‘र्‍या’ला हमखास अडखळतो, आणि वराच्या आडनावात चूक निघाली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बाकी फाइलींच्या पीडीएफ करून ठेवल्या तरी बास.

प्रश्न : कॉम्प्युटर चालू असताना डब्याला हात लावला की मुंग्या येतात, कधी बारीक झटका. जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. मालक म्हणतात चप्पल घालून बस. एसएमपीएस बदलू का?
— विद्यार्थी, जुने नाशिक

उत्तर : नको. नवीन आणलास तरी मुंग्या येतीलच. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून, आणि दोघं मधे डब्याच्या पत्र्याला जोडलेले. तिथून जो बारीक करंट पत्र्यावर येतो तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. तुझ्याकडे अर्थिंग नाही, म्हणून पत्रा २३० च्या निम्म्यावर, एकशेपंधरा व्होल्टच्या आसपास लोंबकळतो आणि तू हात लावलास की तुझ्यातून वाट काढतो. करंट अगदी थोडा, म्हणून मुंग्यांवर भागतं. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर मुंग्यांवर भागणार नाही, आणि चप्पल तेव्हा काही कामाची नाही. जुन्या वाड्यांतलं वायरिंग पुष्कळदा दोनच वायरींचं असतं, तिसरं भोक बोर्डाला नुसतं शोभेला. इलेक्ट्रिशियनला बोलवून फेज आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून घे. २३० च्या जवळपास यायला हवेत. येत नसतील तर मालकांकडून अर्थिंग करून घे, वाड्याच्या चौकात खड्ड्याला जागा निघते. तोवर डबा उघडायचा असेल तर वायर काढूनच.

आणि प्लगची मोठी, अर्थिंगची पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेला असेल, तर ती कोणी कापली ते मला सांगू नकोस. नवीन वायर घे.